जुनी गाडी मिसिंग मारतेय? पार्ट बदलण्याआधी सिलिंडर शोधा

सोलापुरात मारुती ८००, ओम्नी, झेन, एस्टीम, पहिल्या पिढीतल्या सँट्रो अजून रोजच्या वापरात आहेत. जुळे सोलापुरातून ऑफिसला, होटगी रोडने शेताकडे, पौर्णिमेला तुळजापूर, गुरुवारी अक्कलकोट. गाडी पंचवीस वर्षांची झाली तरी इंजिन साधं आहे, पार्ट मिळतात आणि घरच्या माणसासारखी सवय झालेली असते. या गाड्यांची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: "मेस्त्री, गाडी मिसिंग मारायलीय, बघा की जरा."

पुढचा क्रमही ठरलेला असतो. आधी प्लग बदलतात. फरक पडला नाही की कार्बोरेटर साफ होतो. मग वायर सेट, मग कॉईल, मग "हेड खोलावं लागेल". यातला एखादा पार्ट खरोखर खराब असतोच, पण तो सापडेपर्यंत चार चांगले पार्ट बदलून झालेले असतात. माझं मत पक्कं आहे: कोणता सिलिंडर मिसिंग आहे आणि केव्हा आहे हे कळल्याशिवाय एकही रुपया खर्च करू नये. हे शोधायला महागडी मशीन लागत नाही. रविवारची एक सकाळ आणि थोडा धीर पुरतो.

थोडी मूळ गोष्ट

सिलिंडरमध्ये स्फोट होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: नीट कॉम्प्रेशन, योग्य प्रमाणातलं हवा-पेट्रोलचं मिश्रण आणि वेळेवर पडणारी जोरकस ठिणगी. यातली एक जरी कमी पडली की तो स्ट्रोक वाया जातो आणि झटका बसतो, यालाच मिसिंग म्हणतात. ८०० आणि ओम्नीला ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे. एक सिलिंडर गेला की एक तृतीयांश ताकद जाते, त्यामुळे या गाड्यांत मिसिंग लगेच जाणवतं. झेन किंवा पद्मिनीसारख्या चार सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर कमी झाला तरी काही जण महिनाभर "पिकअप जरा कमी वाटतोय" म्हणत गाडी पळवतात.

तीन सिलिंडरचं इंजिन आयडलला जन्मतःच थोडं हलतं. इंजिन माउंटिंगचं रबर बसलं असेल तर ते आणखी हलतं. त्या थरथरीला मिसिंग समजू नका. मिसिंगमध्ये आवाजाचा ठेका तुटतो.

हाताशी काय हवं

प्लग पाना, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), साधा डिजिटल मल्टिमीटर, रबरी मुठीची पकड, टॉर्च, पाण्याची स्प्रे बाटली आणि एक चांगला चालणारा जादा प्लग. कॉम्प्रेशन गेज विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मिळतो.

काम उघड्यावर करा. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. फॅन आणि बेल्टजवळ ओढणी, उपरणं, सैल बाही नको. प्लगच्या वायरमध्ये हजारो व्होल्ट असतात. ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांनी चालू इंजिनच्या इग्निशनला हात लावू नये.

पहिलं काम: मिसिंग केव्हा येतं ते लिहून काढा

चार दिवस गाडी चालवताना नीट लक्ष द्या. अर्धं निदान इथेच होतं.

फक्त आयडलला येतं आणि वेग घेतला की जातं? कुठून तरी जादा हवा आत शिरत असेल, आयडल जेटमध्ये कचरा असेल किंवा एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल. सपाट रस्त्यावर ठीक, पण तुळजापूरचा घाट चढताना झटके? मग ठिणगी कमजोर आहे किंवा पेट्रोल कमी पडतंय. पहिल्या पावसात किंवा गाडी धुतल्यावर? वायर किंवा डेल्को (प्रत्येक प्लगला करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) याच्या कॅपमधून करंट बाहेर पळतोय. सोलापूरच्या कोरड्या हवेत हा दोष आठ-आठ महिने लपून राहतो आणि जूनमध्ये एकदम उघडा पडतो. मे महिन्यात दुपारी, इंजिन तापल्यावरच येतं आणि सावलीत अर्धा तास उभी केली की जातं? कॉईल, कंडेन्सर, इग्निशन मॉड्यूल किंवा पेट्रोलची वाफ होणं. फक्त सकाळी थंड असताना? चोक, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) किंवा हेड गॅस्केट.

घाटाच्या मुद्द्यावर जरा थांबू, कारण इथेच फसगत होते. प्लग बाहेर काढून, बॉडीला टेकवून स्टार्टर मारला आणि ठिणगी दिसली की "करंट चांगला आहे" असं म्हटलं जातं. पण चढावर अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबलेला असतो, सिलिंडरमध्ये जास्त हवा दाबली जाते आणि त्या दाबात ठिणगी पडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. उघड्या हवेत पडणारी ठिणगी तिथे पडेलच असं नाही. बाहेर दिसणारी ठिणगी निळसर-पांढरी, जाड आणि टक्-टक् आवाज करणारी हवी. पिवळी-लाल, बारीक ठिणगी असेल तर तो दोषच समजा.

दुसरं काम: कान आणि कागद

इंजिन गरम करून आयडलला ठेवा आणि सायलेन्सरपाशी उभे राहा. यंत्रमागाच्या आवाजात वाढलेल्या कानांना ठेका कुठे चुकतो ते कळायला वेळ लागत नाही. फट्... फट्... असा ठरावीक अंतराने तुटत असेल तर बहुधा एकच सिलिंडर दोषी आहे. कधी इथे, कधी तिथे, अनियमित तुटत असेल तर दोष सगळ्यांना लागू होणाऱ्या एखाद्या गोष्टीत आहे: कॉईल, मधली वायर, रोटर (डेल्कोतलं फिरणारं टोक), पॉइंट (कॉईलचा करंट तोडणारे डेल्कोतले संपर्क), पेट्रोल.

आता वर्तमानपत्राची हातभर पट्टी सायलेन्सरच्या तोंडासमोर चार बोटांवर धरा. निरोगी इंजिन ती पट्टी सतत बाहेर ढकलत राहतं. मध्येच पट्टी आत ओढली जाऊन पाईपच्या तोंडाला चिकटत असेल तर एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेला किंवा नीट न बसणारा असण्याची शक्यता मोठी. तसं दिसलं तर बाकीच्या चाचण्या कराच, पण कॉम्प्रेशन तपासणी लांबणीवर टाकू नका.

तिसरं काम: दोषी सिलिंडर पकडा

मला विचाराल तर सगळ्या निदानाचा कणा हाच आहे.

टायमिंग बेल्टच्या बाजूचा सिलिंडर एक नंबर. वायरवर टेपचे तुकडे लावून नंबर टाका. ८०० चा फायरिंग क्रम १-३-२, झेन आणि पद्मिनीचा १-३-४-२. दोन वायर उलट्या लागल्या तर नवं मिसिंग तुम्हीच तयार कराल, वर बॅकफायर वेगळाच.

एसी बंद ठेवा, आयडल किंचित वाढवा. रबरी मुठीच्या पकडीने एक नंबरच्या प्लगचा बूट काढा. वायर ओढू नका, बूट धरा. इंजिन एकदम खाली बसलं, जास्त हलायला लागलं तर तो सिलिंडर काम करत होता. बूट परत लावा आणि दोन नंबरकडे जा. ज्या सिलिंडरचा बूट काढल्यावर इंजिनला काहीच फरक पडत नाही, तो तुमचा आरोपी.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत काढलेली वायर मोकळी लटकत ठेवू नका, मॉड्यूल जळू शकतं. जादा प्लग वायरला लावून, त्याचं धातूचं अंग जम्पर वायरने इंजिनला जोडून ठेवा. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाडीत प्लगऐवजी त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढा, तोही काही सेकंदच. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळलं तर कन्व्हर्टर खराब होतो. याच कारणासाठी मिसिंग मारणारी एमपीएफआय गाडी "चालतेय तोवर चालवू" म्हणून पळवू नये.

वायरला हात लावायची भीती वाटत असेल तर दुसरा उपाय आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करा आणि मिनिटभराने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक फाट्यावर पाण्याचा बारीक स्प्रे मारा. जिथे चर्र होऊन वाफ होते तो सिलिंडर जळतोय, जिथे पाणी नुसतं ओघळतं तो थंड आहे. हीट शील्ड असेल तर आधी काढावी लागते.

काही एमपीएफआय गाड्यांत डेल्को नसतो, एक कॉईल दोन सिलिंडरना ठिणगी देते. तिथे १ आणि ४ किंवा २ आणि ३ एकदम गेले तर थेट कॉईलकडे बघा. २०१३ नंतरच्या गाडीला साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावला की पी०३०१ म्हणजे एक नंबर, पी०३०२ म्हणजे दोन नंबर असा सिलिंडर समोर येतो आणि पी०३०० म्हणजे मिसिंग एका सिलिंडरपुरतं नाही.

प्लग वाचा, मग अदलाबदल करा

इंजिन थंड झाल्यावरच प्लग काढा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना जोर लावला तर आटे जातात. त्याआधी प्लगच्या खळग्यातली धूळ फुंकून काढा. आपल्याकडे तिथे मातीचा थरच बसलेला असतो आणि प्लग निघाला की ती सगळी सिलिंडरमध्ये पडते.

सगळे प्लग ओळीने कागदावर ठेवा आणि एकमेकांशी ताडून बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी मऊ काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे पेट्रोल येतंय, ठिणगी पडत नाही. ओला, काळा, तेलकट म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल येतंय. पांढरा फटक, टोकावर बारीक फोड म्हणजे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) किंवा इंजिन जास्त तापतंय. एकच प्लग इतरांपेक्षा लख्ख धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर कूलंट सिलिंडरमध्ये जात असण्याची शंका घ्या. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं क्षारयुक्त पाणी ओतलेल्या गाड्यांत हे दिसतं: क्षार साचतात, गाडी तापते आणि शेवटी हेड गॅस्केट जातं.

गॅप फिलर गेजने मोजा. पॉइंट असलेल्या जुन्या इग्निशनमध्ये साधारण ०.७ ते ०.८ मिमी, नंतरच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये १.० ते १.१ मिमी, शेवटचा शब्द गाडीच्या मॅन्युअलचा. एनजीकेच्या प्लगवर नंबरच्या शेवटी ११ असेल तर तो १.१ मिमी गॅपचा प्लग आहे. तो पॉइंटच्या गाडीत तसाच बसवला तर चढावर ठिणगी तुटणारच.

आता अदलाबदल. समजा दोन नंबर मिसिंग आहे. दोनचा प्लग एकमध्ये, एकचा दोनमध्ये. गाडी सुरू करून पुन्हा बूट काढून बघा. मिसिंग एक नंबरला गेलं तर प्लग खराब, विषय संपला. तिथेच राहिलं तर वायरची अदलाबदल करा, लांबी पुरत असेल तर. मिसिंग वायरबरोबर फिरलं तर वायर. तरीही दोनलाच राहिलं तर डेल्को कॅपचं ते तोंड, व्हॉल्व्ह किंवा एमपीएफआय असेल तर इंजेक्टर. एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, वायर आणि कॅप एकदम बदललं आणि गाडी सुधारली तर नेमकं काय खराब होतं ते कधीच कळत नाही.

वायर मल्टिमीटरवर मोजा. सगळ्यांचा आकडा लांबीच्या प्रमाणात जवळपास यायला हवा. एकाच वायरचा आकडा दुप्पट-तिप्पट किंवा अनंत येत असेल तर ती आतून तुटलीय. रात्री अंधारात बॉनेट उघडून वायरवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. करंट गळत असेल तर निळ्या ठिणग्या नाचताना डोळ्यांनी दिसतात. उंदरांनी कुरतडलेली जागाही अशीच सापडते.

नवा वॉशरवाला प्लग हाताने पूर्ण बसवून मग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्या. त्याहून जास्त जोर नको.

डेल्को, पॉइंट, कॉईल

ओळखीतल्या एका काकांची १९९७ ची ८०० तुळजापूरच्या घाटात झटके द्यायची, गावात मात्र मऊ चालायची. एका गॅरेजमध्ये प्लग बदलून, कार्बोरेटर साफ करून झाला होता. डेल्कोची कॅप काढून उन्हात तिरकी धरली तेव्हा दोन नंबरच्या कॉन्टॅक्टपासून काठाकडे जाणारी केसाएवढी बारीक काळी रेघ दिसली. फडक्याने पुसली तरी जाईना. ती कार्बनची रेघ होती. दाब वाढला की करंट प्लगकडे जायच्या ऐवजी त्या रेघेवरून बॉडीकडे पळायचा. नवी कॅप बसवली आणि घाट मोकळा झाला. अशी रेघ टॉर्चच्या समोरच्या उजेडात दिसत नाही, कॅप तिरकी धरून फिरवावी लागते.

कॅपच्या आतले कॉन्टॅक्ट हिरवट-पांढरे झालेत का, मधला कार्बनचा खडा स्प्रिंगवर मोकळा हलतो का, रोटरचं टोक जळलंय का, हे त्याच वेळी बघून घ्या. पॉइंट असतील तर गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिमी. पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा झाला असेल तर नुसता पॉलिश पेपर मारून भागत नाही, कंडेन्सरही बदला.

कॉईल थंड असताना मोजून समाधान मानू नका. प्रायमरी काही ओहम, सेकंडरी काही हजार ओहम, हा आकडा थंड असताना बरोबर येतो आणि तापल्यावर आतलं इन्सुलेशन दगा देतं. गाडी दुपारी तासभर फिरवून, मिसिंग सुरू झाल्यावर लगेच मोजा आणि ठिणगी बघा.

पेट्रोलची बाजू: चोक ओढून बघा

कार्बोरेटरच्या गाडीत याइतकी सोपी आणि खरी चाचणी नाही. मिसिंग येत असताना, मोकळ्या रस्त्यावर, चोकची दांडी थोडीशी ओढा; चोक हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. मिसिंग कमी झालं तर मिश्रण पातळ आहे: एकतर पेट्रोल कमी येतंय किंवा जादा हवा घुसतेय. फरक नाही किंवा आणखी वाईट झालं तर ठिणगीकडे किंवा जास्त पेट्रोलकडे बघा. काकांच्या गाडीत चोक ओढून काहीच सुधारलं नव्हतं, म्हणूनच कार्बोरेटर सोडून कॅप उघडली.

मिश्रण पातळ निघालं तर आधी हवेची गळती शोधा. ब्रेक बूस्टरचा पाईप, पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत नेणारा) पाईप, कार्बोरेटरखालची गॅस्केट, मॅनिफोल्ड गॅस्केट. आयडलला एकेक रबरी पाईप पकडीने हलकेच दाबून बंद करा. ज्यावर इंजिन सुधारेल तो पाईप किंवा त्याच्या पुढचा भाग गळतोय. गॅस्केटच्या सांध्यावर पाण्याचा फवारा मारा. पाण्याने क्षणभर फट बुजली तर आवाज बदलतो. काही जण इथे पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारतात. तापलेल्या मॅनिफोल्डवर आणि सोलापूरच्या उन्हात ते करू नका, आग लागते.

गळती नसेल तर पेट्रोल फिल्टर, एसी पंपाचा (इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा) डायफ्रॅम, फ्लोट लेव्हल (कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी) आणि शेवटी जेट. जेट हवेने फुंका, तार घालू नका, भोक मोठं होतं.

ई-२० बद्दल थोडं. आपल्या जिल्ह्यात ऊस आणि कारखाने दोन्ही भरपूर, इथेनॉलचं अर्थकारण आपल्याला सांगायला नको. पण २०२५ पर्यंत पंपावर सर्रास आलेलं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या कार्बोरेटरला जसंच्या तसं झेपत नाही. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटमधून जाणारं मिश्रण पातळ पडतं. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी ते बरंचसं सावरून घेते, कार्बोरेटर सावरू शकत नाही. शिवाय जुन्या रबरी पाईपना इथेनॉल मानवत नाही; ते फुगतात, आतून सोलतात आणि तो काळा कचरा जेटमध्ये जाऊन बसतो. पाईप मऊ, चिकट किंवा भेगाळलेले दिसले तर सगळे एकदम बदला. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, म्हणून महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीतलं पेट्रोल काढून टाका.

उन्हाळ्यात सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी गुदमरते, झटके देऊन बंद पडते? एसी पंपावर आणि पेट्रोलच्या पाईपवर ओलं फडकं ठेवा. पाच मिनिटांत सुरळीत झाली तर पेट्रोलची वाफ होत होती. पाईप एक्झॉस्टपासून लांब बांधा, त्यावर उष्णतारोधक स्लीव्ह चढवा.

गॅस किट असेल तर निदान सोपं होतं. फक्त गॅसवर मिसिंग असेल तर आधी किटचं सेटिंग आणि फिल्टर. मात्र कमजोर ठिणगी गॅसवर आधी उघडी पडते, म्हणून प्लग-वायरची तपासणी टाळू नका. दोन्हीवर सारखंच असेल तर इग्निशन किंवा कॉम्प्रेशन.

एमपीएफआयमध्ये इंजेक्टर चालतो का ते ऐका. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर, मूठ कानाला. टिक-टिक सगळ्यांची सारखी यायला हवी.

कॉम्प्रेशन आणि टॅपेट

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही निर्दोष ठरले आणि तोच सिलिंडर मेलेला असेल तर कॉम्प्रेशन मोजा. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इग्निशन निकामी केलेलं, एमपीएफआय असेल तर पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा स्ट्रोक. तंदुरुस्त इंजिनात साधारण १५० ते १८० पीएसआय येतात, पण आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तो १०-१५ टक्क्यांच्या आत हवा.

एक सिलिंडर खाली असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर मधलं हेड गॅस्केट. सगळेच सारखे खाली असतील तर टायमिंग बेल्ट एखादा दात सरकलाय का ते तपासा.

व्हॉल्व्ह निघाला तरी लगेच हेड उतरवू नका. यातल्या बऱ्याच इंजिनांचे टॅपेट स्क्रूने सेट होतात. व्हॉल्व्ह सीटमध्ये जसजसा खाली बसतो तसतसा टॅपेटचा गॅप कमी होतो, आवाज बंद होतो आणि मालकाला वाटतं इंजिन शांत झालं. प्रत्यक्षात व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसतो आणि जळायच्या वाटेवर असतो. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत हे जास्त होतं. मॅन्युअलप्रमाणे गॅप सेट करून पुन्हा कॉम्प्रेशन घ्या. वेळेत सापडलं असेल तर आकडा परत येतो. आला नाही तरच हेडचं काम.

त्या वेळी मेस्त्रीला नुसतं "मिसिंग आहे" असं सांगू नका. सांगा: "दोन नंबर मिसिंग आहे, प्लग आणि वायर फिरवून बघितली, टॅपेट सेट करून कॉम्प्रेशन घेतलं, दोनला ९० आणि बाकीच्यांना १६०, ऑइल टाकून चढलं नाही." चांगला मेस्त्री यावर एकच प्रश्न विचारतो, हेड केव्हा उतरवू, आणि त्याचा अंदाज खर्चाच्या आकड्यासकट लगेच मिळतो.

दुरुस्ती झाली की गाडी बाळ्याच्या पुढे महामार्गावर तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगावरून पूर्ण अ‍ॅक्सिलेटर देऊन बघा, मग तुळजापूरचा घाट. दोन-अडीचशे किलोमीटरनंतर प्लग पुन्हा काढून ओळीने ठेवा. सगळ्यांचा रंग सारखा हवा. एखादा अजून वेगळा दिसत असेल तर त्याच सिलिंडरपासून पुन्हा सुरुवात करा.